पिशवीला दात नसतात

९ जानेवारी

ताई,

फोनवर बोलायचं नाही म्हणालीस, म्हणून लिहितोय. तुझ्या सासूबाई बाजूला बसून कान टवकारतात हे खरं, पण माझं अक्षर वाचण्यापेक्षा ते परवडलं, असं तुला चार ओळींतच वाटेल.

मोठी बातमी आहे. पालिकेच्या बॉक्सिंग क्लबला वाली मिळाला. आत्तापर्यंत आम्ही टायरच्या गोदामात फाटक्या सतरंजीवर एकमेकांना बडवायचो. आता पालिकेच्या वर्कशॉपच्या आवारातच खरी रिंग आहे, दोरखंड लावलेली. नवेकोरे ग्लोव्ह्ज, बूट, रोजची अंडी, बाहेरून येणारा प्रशिक्षक, आणि लाल बनियन. पाठीवर कंपनीचं नाव. पालिकेला कचऱ्याच्या गाड्या पुरवते तीच कंपनी. तिचा साहेब वर्कशॉपमध्ये येतो तेव्हा तो दिसायच्या आधी त्याचा वास येतो, म्हणून आम्ही त्याला अत्तरसाहेब म्हणतो. माणूस दिलदार. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू फक्त मार. बाकीचं आम्ही बघतो."

परवा पहिला सामना झाला. दुसऱ्या फेरीत समोरच्या पोराच्या नाकावर माझा उजवा असा बसला की हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. रक्त माझ्या छातीवर उडालं. लोक उभे राहून ओरडत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

लंबू माझ्या कोपऱ्यात होता. पहाटे कचऱ्याच्या गाडीमागे उभा राहून गल्ल्या उपसतो, आणि संध्याकाळी हातात पॅड चढवून माझे ठोसे झेलतो. "डावा दे. परत दे. आजीला थोपटतोयस का?" असं चालू असतं त्याचं. तुला नमस्कार सांगितलाय, आणि विचारलंय की तू अजून तशीच ओरडतेस का.

आणि हो, बढती मिळाली. नव्या गाड्या आल्या की तपासून ताब्यात घ्यायचं काम आता माझ्याकडे. माझी सही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नाही. आहेस कुठे!

तुझा धाकटा


१७ जानेवारी

धाकट्या,

अक्षर खरंच भयाण आहे. आमच्या डॉक्टरांची आठवण झाली.

बढतीबद्दल शाबास. नाकाबद्दल नाही. मोडलेली नाकं मी ड्रेसिंगच्या खोलीत रोज बघते. ज्याचं मोडतं तो पुढचे कित्येक दिवस तोंडाने श्वास घेत झोपतो, आणि शिंक आली की आईला हाक मारतो. काल एक बाई आली, नवऱ्याने तापलेली इस्त्री फेकून मारलेली. मी जखम धूत होते आणि तो दाराशी उभा राहून म्हणत होता, रागाच्या भरात झालं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? त्यालाही बरं वाटलेलं दिसत होतं. तेव्हा "बरं वाटलं" असं मला पुन्हा लिहू नकोस.

एक विचारते, राग मानू नकोस. गाड्या विकतो तो. गाड्या तपासतोस तू. आणि तुला अंडी खायला घालतो तो. यात तुला काहीच खटकत नाही? आमच्याकडे औषध कंपन्या डॉक्टरांना समुद्रावर नेऊन आणतात. परत आले की डॉक्टर त्याच कंपनीचं औषध लिहितात, आणि गंमत म्हणजे त्यांना मनापासून वाटतं की हे आपण स्वतःच्या डोक्याने लिहिलं.

लंबूला सांग, ओरडते. आवाज आणखी वाढलाय.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

सोन्याचं पदक! सगळ्या पालिकांच्या स्पर्धेत तुझा भाऊ पहिला. अंतिम सामन्यात माझी भुवई फुटली, डाव्या डोळ्यात रक्त भरलं, समोरचं सगळं तांबडं दिसत होतं. त्या तांबड्यात त्याची हनुवटी शोधली आणि घातला एक. तो पडला तो सरळ पाठीवर, आणि पाय थरथरायला लागले. (बरं वाटलं असं लिहीत नाही. बघ, ऐकतो तुझं.)

हॉटेल कसलं होतं म्हणून सांगू! चादरी इतक्या पांढऱ्या की भुवईचं रक्त लागेल म्हणून मी खाली जमिनीवर झोपलो. सगळा खर्च कंपनीचा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, खटकत नाही. अंडी खाल्ली म्हणून माझे डोळे फुटत नाहीत. नव्या गाड्या मी नीट तपासल्या. मागे हौदा असतो, त्यात माणसं कचरा टाकतात. वरून लोखंडी पाटा खाली येतो आणि सगळं आत रेटतो. कडेला लाल बटण. ते दाबलं की पाटा जागच्या जागी थांबला पाहिजे. थोड्या गाड्यांमध्ये तो जरा उशिरा थांबत होता. एवढंसंच, वीतभर. मी अत्तरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "नवीन मशीन आहे, आखडलंय. आमचा माणूस येऊन सैल करेल. तुमची उद्या सकाळची गाडी आहे ना? तू तिकडे बघ." होतीच सकाळची. तिकिटं त्यांनीच काढलेली. मग मी उरकलं आणि निघालो.

लंबूला रजा मिळाली नाही, त्यामुळे कोपऱ्यात दुसराच कोणीतरी होता. नळासारखा थंड.

धाकटा


५ मार्च

धाकट्या,

तुझा फोटो ह्यांनी शेजारच्या चार घरांत फिरवून आणला. सासूबाई म्हणाल्या, मुलगा देखणा आहे, पण असा सुजलेला का? मी म्हटलं, हौस.

खूप आनंद झाला. भुवईचे टाके ओढू नकोस, वेळेवर काढून घे.

ती वीतभराची दुरुस्ती झाली का, तेवढं कळव.

ताई


२ एप्रिल

ताई,

लंबूचा उजवा हात गेला.

दहा दिवस झाले, कसं लिहू कळत नाही. सकाळी कामाआधी मी रिंगमध्ये होतो, हातांना पट्ट्या गुंडाळत होतो. फाटकातून त्यांची गाडी आत आली ती हॉर्न न सोडता. इस्पितळाकडे न्यायच्या ऐवजी ड्रायव्हर घाबरून थेट वर्कशॉपला आला, कारण लंबू अजून गाडीला अडकलेला होता. हौद्याच्या कडेला, पायरीवर गुडघे टेकलेला, आणि खांद्यापर्यंत आत. ओरडत नव्हता. दात खाऊन माझ्याकडे बघत होता. आम्ही पहारी घातल्या, जॅक लावला, पाटा उचलला. उचलल्यावर तो ओरडला. ताई, तू रोज बघतेस, तुला सांगायला नको. हात हातासारखा राहिला नव्हता. बाहीचं कापड आणि तो, वेगळं करता येईना. माझ्या हातांच्या पांढऱ्या पट्ट्या कोपरापर्यंत लाल झाल्या. डॉक्टरांनी खांद्याच्या खाली कापला.

कुणीतरी खाटेची स्प्रिंग कचऱ्यात टाकलेली. ती पाट्यात अडकली, हा सोडवायला गेला, बाही गुंतली. हौद्यात हात घालायचा नाही हे गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. बटणाची दुरुस्ती कधीच झाली होती. घाई केली त्याने, दुसरं काय? पालिकेच्या अहवालातही तेच आलंय.

पण लंबू आता वेगळंच बोलतोय. बटण दाबूनही पाटा थांबला नाही म्हणतो. तक्रार करणार आहे. आणि येईल त्याला सांगतो की गाडी मी डोळे मिटून पास केली. वर्कशॉपमध्ये माणसं माझ्याकडे अशी बघतात की मी डबा घेऊन शेडमागे जाऊन जेवतो. ज्याला मी जन्मभर भाऊ मानला तो माझ्यावर उठलाय.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले. लंबूचा हात! तुम्हा दोघांना एका ताटात वाढायचे तेव्हा तो हात नेहमी तुझ्या बाजूला घुसायचा आणि मी त्यावर पळी मारायचे.

तुला सांगते ते नीट ऐक. हात गेलेला माणूस कुणाला ना कुणाला धरतोच. मी असे किती पाहिले. आधी डॉक्टरला शिव्या घालतात, मग बायकोला, मग सगळ्यात जवळच्याला. जवळच्याला जास्तच, कारण तो सोडून जाणार नाही याची खात्री असते. तेव्हा त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

पण चारचौघांत तुझी नाचक्की होत असेल तर मान खाली घालूनही बसू नकोस. तुझी चूक नाही ना? मग कशाला भ्यायचं? बाबांपुढे बसायचास तसा कोपऱ्यात बसू नकोस. समोर जा आणि एकदाचं तोंड बंद कर त्याचं.

ताई


२१ एप्रिल

ताई,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. उजव्या हाताला लागलंय म्हणून डाव्याने लिहितोय.

तू म्हणालीस तसं केलं. बोलायला गेलो. आता तो काही बोलत नाही.

कानावर आलं असेल तर घाबरू नकोस, लंबू जिन्यावरून पडला. एक हात नसला की तोल जातो म्हणतात. जबडा मोडलाय. पुढचे दात गेले.

माझं फार नाही. पिशवीवर सराव करताना मधल्या बोटाच्या मुठीवरचा सांधा फाटला. जखम छोटीशी आहे, पण हात मनगटापर्यंत फुगलाय, पिवळं पाणी येतं आणि वास मारतो. कसलं मलम लावू?

धाकटा


२४ एप्रिल

पिशवीला दात नसतात.

मुठीच्या सांध्यावर छोटीशी फाट, दोन-चार दिवसांत हात फुगतो, वास येतो. अशी जखम कशाने होते हे मला कुणी शिकवायला नको. दारू पिऊन मारामारी करून येतात ना, ते सगळे हेच सांगतात. दारात अडकला, भिंतीवर आपटला, पिशवीवर लागला. मी विचारते, भिंतीने चावा घेतला का?

आत्ता, हे पत्र हातात असेल तसा, इस्पितळात जा. डॉक्टरला सांग, माणसाच्या दाताने झालंय. लाज वाटली तरी सांग, नाहीतर हात जाईल. तुझाही.

जबडा असा जिन्यावरून पडून मोडला असता तर तळवे फुटले असते, गुडघे फुटले असते. ते फुटले का? लिही. मला पुरतं लिही. आणि "तू म्हणालीस तसं केलं" हे माझ्या पदरात बांधू नकोस. मी बोल म्हणाले होते.

बाबा तुला पट्ट्याने सोलून काढत होते तेव्हा मध्ये कोण आडवं पडलं होतं? शेजारचं ते काडीसारखं पोर. त्याच्या पाठीवरचे वळ मी तेलाने चोळले होते. त्या माणसाला तू मारलंस. एका हाताच्या माणसाला.

मी येतेय. तुझ्याकडे नाही, त्याच्याकडे.


३० एप्रिल

ताई,

इस्पितळातून लिहितोय. तू सांगितलंस तसं डॉक्टरला सांगितलं. त्याने मान वर करून पाहिलंही नाही, फक्त म्हणाला, उशीर केलात. मधलं बोट काढलं. उरलेली मूठ मिटणार नाही म्हणतात.

दुरुस्ती झाली नव्हती. कंपनीचा माणूस आलाच नाही. गाड्या पास केल्याच्या दाखल्यावर मी आधीच सही केली होती, स्पर्धेला निघायच्या आदल्या संध्याकाळी, रिंगच्या कडेला बसून, अत्तरसाहेबांच्या पेनने. मनात म्हटलं होतं, वीतभर तर आहे. स्पर्धेहून आल्यावर विसरलो. खरंच विसरलो, ताई. पदकाच्या नादात त्या गाड्या डोक्यातच आल्या नाहीत, आणि लंबू रोज त्यांच्याच मागे उभा होता.

त्याने तक्रार केली तेव्हा अत्तरसाहेबांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाले, "तक्रार टिकली तर कंपनी क्लबमधून हात काढून घेईल. पोरं परत सतरंजीवर. आणि दाखल्यावर सही कुणाची आहे हे लोक बघणारच. तुझा दोस्त ना तो? समजाव त्याला." मार म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. पण निघताना क्लबमधली दोन पोरं माझ्याबरोबर दिली. एकटा कशाला जातोस, म्हणाले.

दुपार होती. आम्ही सरावावरून तसेच गेलो, लाल बनियनमध्ये. लंबू खाटेवर बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकत होता. मला बघून म्हणाला, "ये. हे वरचं एक लावून दे." मी लावून दिलं. मग म्हटलं, तक्रार मागे घे. नुकसानभरपाई मी मिळवून देतो.

तो म्हणाला, "एवढंच सांग. बटण दाबून बघितलं होतंस?"

"हो."

"थांबला होता पाटा?"

मी नुकत्याच लावलेल्या त्याच्या बटणाकडे बघत होतो. पोरं माझ्याकडे बघत होती. तो हसला. म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं. रोज संध्याकाळी माझ्या ह्याच हातावर ठोसे मारत होतास, आणि तुला माहीत होतं."

मी मारलं. कशासाठी मारलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. तो खरं बोलत होता म्हणूनच बहुतेक. पहिला गालावर बसला. त्याने उरलेला हात वर केला. मारायला नाही. तळवा उघडा, पॅड धरायचा तसा. सवयीने. आणि मीही सवयीने त्या तळव्याच्या कडेने फिरवून उजवा घातला. दात माझ्या मुठीत रुतले ते मला तेव्हा कळलंही नाही. तो खाली पडला. एकाच हातावर पडता येत नाही, तोंडावर पडला. मग पोरांनी लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांवर. मी थांबवलं नाही. मी दारात उभा राहून मुठीला फडकं गुंडाळत होतो.

जिन्याची गोष्ट मीच रचली. त्याला उचलून जिन्याच्या तळाशी ठेवला, आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

काल अत्तरसाहेब फळं घेऊन आले. इस्पितळाचं बिल कंपनी भरेल म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. नको म्हणालो नाही. तेही लिहितो, आता काही राखून ठेवत नाही.


१२ मे

लंबूकडे तीन दिवस राहून आले. तुझ्या गल्लीच्या तोंडावरून गेले, वळले नाही.

जबडा तारांनी बांधलाय. नळीने पेज पितो आणि तारांमधून बोलतो, साप फुसफुसावा तसा. बरगड्यांमुळे हसता येत नाही, तरी मला बघून म्हणाला, "आता ओरडा. मला उलट बोलता येत नाही." मी ओरडले नाही. त्याच्या उशाशी बसून तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. विचारलं नव्हतं तुला. विचारणारही नव्हते.

ऐकताना त्याने डोळे मिटले होते. संपल्यावर त्याने पेजेची नळी बाजूला केली. मग म्हणाला, "थोड्या गाड्या म्हणतो. किती? बाकीची पोरं अजून त्याच गाड्यांमागे उभी आहेत."

त्याच्या मनात तेवढंच आहे. तुझ्याविषयी काही नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही. मला वाईट ऐकायला बरं वाटलं असतं.

पोलिसांत त्याने तुझं नाव दिलंय. मी दिलं नसतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून साक्षीदाराच्या कागदावर मीही तुझ्या पत्राबद्दल लिहून दिलंय. ते पत्र आता त्यांच्याकडे आहे.

लंबूच्या तक्रारीवर नेमलेली चौकशी समिती येत्या वीस तारखेला वर्कशॉपमध्ये गाडी तपासणार आहे. समितीचे अध्यक्ष गेल्या वर्षी कंपनीच्या खर्चाने परदेशातलं कचऱ्याचं व्यवस्थापन बघून आले, बायकोमुलांसकट. तेव्हा काय होणार ते दिसतंच आहे. लंबू म्हणतो, जाणार. तुला जायचं की नाही ते तू ठरव.

ताई


२९ मे

ताई,

गेलो.

अंगणात सगळे होते. अध्यक्ष, दोन सभासद, अत्तरसाहेब, कंपनीचा इंजिनिअर, आणि भिंतीला लागून गाड्यांमागची सगळी माणसं. कंपनीने एक गाडी धुऊनपुसून मध्ये उभी केली होती. इंजिनिअरने हौद्यात फळी ठेवली, पाटा सोडला, बटण दाबलं. पाटा जागच्या जागी थांबला. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. लिहून घ्या."

लंबू पुढे आला. तारा नुकत्याच काढल्यात, शब्द अजून सांडतात. म्हणाला, "ही नाही. माझी आणा." अध्यक्ष म्हणाले, ती दुरुस्तीला आहे, चालू नाही.

ती शेडमध्ये होती. चावी माझ्याकडेच होती. मी कुणाला न विचारता गेलो आणि गाडी मध्ये आणून लावली. हौद्याच्या कडेला तपकिरी डाग तसाच होता, कुणी धुतला नव्हता. इंजिनिअर फळी घेऊन आला. मी ती त्याच्या हातातून घेऊन फेकून दिली, आणि डावा हात हौद्यात घातला. खांद्यापर्यंत.

"साहेब," मी अत्तरसाहेबांना म्हणालो, "बटण चांगलं आहे असं तुम्ही लेखी दिलंय. मीही दिलंय. मी पाटा सोडतो. तुम्ही बटण दाबा."

ते म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. हात काढ."

मी उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी पाटा सोडायचा दांडा ओढला. शूरपणा नव्हता, ताई. कंटाळा आला होता. पाटा निघाला. तो आवाज मला ठाऊक आहे, पण आतून ऐकला नव्हता. अत्तरसाहेब बटणापासून हातभर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे गेले. मागे! दाबायला पुढे नाही.

तेवढ्यात माझी कॉलर मागून ओढली गेली. लंबूने मला एका हाताने उपसून काढला, हौद्याच्या कडेवर माझं कातडं सोलून निघालं. त्याच्या गाडीवरच्या सोबत्याने धावत येऊन बटणावर मूठ मारली. पाटा थांबला नाही. वीतभर नाही, दोन विती आणखी खाली गेला आणि मग थांबला. सगळ्यांसमोर. अध्यक्षांसमोर.

लंबूने मला वळवला आणि तोंडावर ठोसा दिला. मी पडलो. त्याने उठवला आणि पुन्हा दिला. "हात काय फुकट घालवायला मिळालेत का रे, हरामखोरा?" तो ओरडत होता, "दिसतंय ना तुला माझ्याकडे बघून? दिसतंय ना?" मी हात वर केला नाही. तिसरा मारायच्या आधी तो खाली बसला आणि बरगड्या धरून विव्हळायला लागला.

मग भिंतीजवळची माणसं निघाली. अत्तरसाहेब गाडीपर्यंत पोचलेच नाहीत. शर्ट फाटला, चष्मा फुटून काच भुवईत घुसली, कुणीतरी केसाला धरून त्यांचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. ते आई-आई करत होते. मला वाटलं, मरतो हा. लंबूच ओरडला, "सोडा! त्याला कोर्टात बोलता आलं पाहिजे. जबडा फुटला की बोलता येत नाही, मला विचारा." तेव्हा सोडलं.

गाड्या सगळ्या बंद आहेत. कुणी माणूस मागे उभा राहायला तयार नाही. गावभर कचरा साचलाय, लोक नाक धरून पालिकेला शिव्या घालतायत, आणि दोन दिवसांत अध्यक्ष बदलले. नवीन समितीने सोळा गाड्या तपासल्या, नऊमध्ये तोच दोष निघाला. मी "थोड्या" लिहिलं होतं. मी सगळ्या तपासल्याच नव्हत्या, चारच पाहिल्या होत्या.

मला कामावरून काढलंय. पोलिसांत जाऊन दाखल्याचं आणि मारहाणीचं, दोन्ही सांगितलं. त्या दोघा पोरांची नावंही दिली. कंपनीचा टेम्पो येऊन रिंग उचलून घेऊन गेला. त्या संध्याकाळी क्लबच्या पोरांनी मला घराच्या दारात गाठलं. मीच शिकवलेले ठोसे होते, नीट बसले. एका बाजूने अजून ऐकू येत नाही.

सात जुलैला कोर्टात तारीख आहे. लंबू माझ्याविरुद्ध साक्ष देणार. मी कबूल करणार आहे.

धाकटा


६ जून

धाकट्या,

कानाचं डॉक्टरला दाखव. पडदा फाटला असेल तर पाणी जाऊ देऊ नकोस, आंघोळीला कापूस लाव.

दांडा ओढल्याबद्दल मी तुला शाबास म्हणावं अशी वाट बघत असशील तर बघू नकोस. एक हात गेला म्हणून दुसऱ्याचा घालवायचा, याला हिशोब म्हणत नाहीत. लंबूने दोन दिल्या ते बरं केलं. मी असते तर तिसरी दिली असती.

लंबू इथे आला होता, आमच्या इस्पितळात कृत्रिम हात बसवतात त्याची मापं द्यायला. चार दिवस राहिला. सासूबाईंनी त्याला पहिल्या दिवशी विचारलं, कुणी केलं रे हे? तो म्हणाला, गाडीने. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे बोट दाखवून विचारलं, आणि हे? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या भावाने. सासूबाई उठून आत गेल्या. तेव्हापासून तुझ्याबद्दल त्यांनी एक शब्द काढलेला नाही, आणि फोनपाशी बसणंही सोडलंय. म्हणजे आता फोन केलास तरी चालेल. पण करू नकोस, लिहीच.

तुला माफ करणार का, असं मी लंबूला विचारलं नाही. तूही कधी विचारू नकोस. ते त्याच्याकडे मागायची वस्तू नाही.

सात तारखेला मी येतेय. त्याच्या बाजूच्या बाकावर बसणार आहे, हे आत्ताच सांगते, म्हणजे तिथे बघून तुला धक्का बसायला नको. मला विचारतील ते सगळं सांगेन. त्यांनी नाही विचारलं तरी सांगेन. तुझ्याकडे बघवेल की नाही ते माहीत नाही.

तुला सोडलं तर मी बाहेर फाटकाशी उभी असेन. नाही सोडलं, तर आत कुठल्या वेळेला भेटू देतात ते विचारूनच परत जाईन.

ताई